परिचारिकेला मान मिळवून देणाऱ्या रमाबाई रानडे



आजचा पाठ सुरू करण्याआधी तुम्हाला दोन प्रश्न विचारते. पहिला प्रश्न सोपा आहे. तुम्हाला ताप आला, तर रात्री उठून तुमच्या कपाळावर हात ठेवून कोण बघतं? आई, आजी, मोठी ताई, कोणी ना कोणी तुमच्या डोळ्यांसमोर आलंच असेल. आता दुसरा प्रश्न. हीच व्यक्ती आजारी पडली, थकली, तर तिच्याकडे कोण बघतं?

आमच्या घुग्घुसच्या वर्गात मी हे दोन्ही प्रश्न विचारले होते. पहिल्या प्रश्नाला सगळा वर्ग एकदम ओरडला. दुसऱ्या प्रश्नाला मात्र शांतता. मुलं एकमेकांकडे बघत बसली.

हे प्रश्न मला का सुचले, तेही सांगते. माझ्या वर्गात पाचवीची एक मुलगी होती. अभ्यासात चांगली, पण आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर. आली तरी उशिरा. एक दिवस मी तिला सगळ्यांसमोर रागावले. ती काहीच बोलली नाही, मान खाली घालून उभी राहिली. नंतर तिच्या मैत्रिणीने सांगितलं, की तिची आजी अंथरुणावर आहे, वडील खाणीत पाळीवर जातात, आई दुसऱ्यांच्या घरची कामं करते. आजीला उठवणं, पाणी देणं, गोळ्या देणं हे सगळं ही दहा वर्षांची पोरगी करते आणि मग जमलं तर शाळेत येते. मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. माझ्या हजेरीपटात तिच्या नावापुढे फक्त गैरहजेरी होती. तिच्या कामाची नोंद करायला त्या पटात रकानाच नव्हता.

दुसऱ्यांची काळजी घेणाऱ्या माणसांचं असंच होतं. त्यांचं काम सगळ्यांना हवं असतं, पण त्याची नोंद कुणीच घेत नाही. सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रातल्या एका बाईने ही नोंद घ्यायला समाजाला भाग पाडलं. त्या म्हणजे रमाबाई रानडे. झी मराठीवर पूर्वी उंच माझा झोका ही मालिका लागायची, ती तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल. ती यांच्याच जीवनावर होती. आज आपण त्यांचं चरित्र पाहू या, पण जरा वेगळ्या बाजूने.

बालपण आणि विवाह

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात आहे. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचाही जन्म पुढे याच गावात झाला, हे लक्षात ठेवा, स्पर्धा परीक्षेत उपयोगी पडेल. रमाबाईंचं माहेरचं आडनाव कुर्लेकर आणि नाव यमुना. त्या काळी मुलींना शिकवण्याची पद्धत नव्हती. लिहिता-वाचता येणारी बाई घराला वाईट दिवस आणते, अशी समजूत होती. त्यामुळे यमुनेला अक्षरओळखही नव्हती.

१८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी तिचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते. ते न्यायखात्यात मोठ्या पदावर होते आणि समाजसुधारक म्हणून त्यांचं नाव झालेलं होतं. त्यांची पहिली पत्नी वारली होती. ते विधवाविवाहाच्या बाजूचे, त्यामुळे ते एखाद्या विधवेशी लग्न करतील असं लोकांना वाटत होतं. पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांचं चाललं नाही आणि लहान मुलीशी त्यांना लग्न करावं लागलं. याबद्दल लोकांनी त्यांच्यावर टीका केली, आणि ती टीका चुकीची होती असंही म्हणता येत नाही. थोर माणसांच्या आयुष्यातही असे प्रसंग असतात, ते आपण लपवू नयेत.

पाटीवरची पहिली अक्षरं

लग्नानंतर रानड्यांनी आपल्या बायकोला शिकवायला सुरुवात केली. दिवसभर कोर्टाचं काम आणि रात्री पाटी-पेन्सिल. मराठी झालं, मग इंग्रजी सुरू झालं.

पण घर मोठं होतं. घरात सासूबाई, नणंद आणि इतर वडीलधाऱ्या बायका होत्या. त्यांना हे अजिबात पटत नव्हतं. रमाबाई वाचायला बसल्या की टोमणे सुरू व्हायचे. घरातलं काम तर चुकत नव्हतंच. दिवसभर स्वयंपाकपाणी, वडीलधाऱ्यांची मर्जी सांभाळणं, बोलणी ऐकणं आणि रात्री अभ्यास. रमाबाईंनी उलट उत्तरं दिली नाहीत, पण शिकणंही सोडलं नाही.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे त्यांच्या सभांना जाऊ लागल्या. १८८४ साली पुण्यात मुलींची शाळा निघावी म्हणून सभा झाली. त्या सभेत गव्हर्नरसाहेबांसमोर रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचलं. बाईमाणसाने पुरुषांच्या सभेत उभं राहून, तेही इंग्रजीत वाचायचं! घरी आल्यावर त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल, याची कल्पना करा. पण त्याच वर्षी पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली. ती शाळा आजही चालू आहे.

घरातली शुश्रूषा

रमाबाईंच्या जीवनातला एक भाग पाठ्यपुस्तकात फारसा येत नाही. रानड्यांचे डोळे अधू होते. त्यामुळे वर्तमानपत्रं, पत्रं, पुस्तकं त्यांना वाचून दाखवायचं काम रमाबाईंकडे असायचं. त्या रात्री त्यांच्या तळपायांना तूप चोळत. शेवटच्या काळात रानड्यांना हृदयविकाराने गाठलं. डिसेंबर १९०० मध्ये लाहोरला सामाजिक परिषद होती. दरवर्षी न चुकता जाणारे रानडे त्या वर्षी जाऊ शकले नाहीत. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

रुग्णाच्या उशाशी बसून रात्री जागवणं म्हणजे काय, हे रमाबाईंनी स्वतः अनुभवलं होतं. इतिहासात न्यायमूर्ती रानडे यांच्या नावापुढे केवढी कामं आहेत! पण त्या कामांच्या मागे रोजचं वाचून दाखवणं, औषधपाणी, पथ्यपाणी कुणाचं होतं? पुढे १९१० साली रमाबाईंनी आमच्या आयुष्यातील काही आठवणी हे पुस्तक लिहिलं. मराठीतल्या सुरुवातीच्या स्त्री-आत्मचरित्रांत त्याला मानाचं स्थान आहे. त्या पुस्तकातही रमाबाई स्वतःपेक्षा नवऱ्याबद्दलच जास्त बोलतात. काळजी घेणारी माणसं अशीच असतात, स्वतःचा हिशोब मांडतच नाहीत. म्हणून तो इतरांनी मांडावा लागतो.

विधवा झाल्यावर

नवरा गेला तेव्हा रमाबाईंना चाळीसही पूर्ण नव्हती आणि मूलबाळ नव्हतं. त्या काळी विधवा बाईचे हाल वाईट होते. तिचे केस कापत, तिला मंगलकार्यात पुढे येऊ देत नसत. घरात मात्र सगळ्यांची आजारपणं, बाळंतपणं, स्वयंपाक तिच्याच गळ्यात. म्हणजे बघा, सगळ्यांची काळजी तिने घ्यायची आणि तिचं तोंड मात्र सकाळी कुणी पाहायचं नाही!

रमाबाई वर्षभर घरातच राहिल्या. पण नंतर त्यांनी स्वतःला सावरलं आणि सार्वजनिक कामात उडी घेतली. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षा रमाबाई होत्या. पुण्यात येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना त्या भेटायला जात. त्यांच्याशी बोलत, त्यांचं ऐकून घेत.

सेवासदनची स्थापना

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल या दोन समाजसेवकांनी मुंबईत सेवासदन ही संस्था सुरू केली. भारतीय स्त्रियांना परिचारिकेचं, म्हणजे नर्सचं शिक्षण द्यावं, ही कल्पना त्यामागे होती. त्यांनी मदतीसाठी रमाबाईंना गाठलं आणि त्या संस्थेच्या अध्यक्षा झाल्या. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, पुण्यात रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात सेवासदन सुरू झालं. गोपाळ कृष्ण देवधर यांनी त्यांना या कामात मोलाची साथ दिली.

सेवासदनमध्ये लिहिणं-वाचणं, शिवणकाम, गायन असे वर्ग होते. बायकांना शिक्षिका होण्याचं शिक्षणही मिळे. आणि यातच एक काम होतं, परिचारिका तयार करण्याचं. त्यासाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात बायकांना शिकायला पाठवायचं होतं.

आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. आपल्या ओळखीतल्या कितीतरी ताया नर्सिंग करतात. पण त्या काळी हे काम हलकं समजलं जाई. परक्या माणसाला हात लावायचा, जखमा धुवायच्या, मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांना हे कसं चालणार? बाळंतपणं करणाऱ्या सुईणी बहुतेक करून ज्यांना समाज खालचं समजायचा अशा जातींतल्या असत. त्यांच्या हातांवर गावातली सगळी मुलं जन्माला यायची, पण त्यांना दाराबाहेरच थांबावं लागे. म्हणजे काम मोठं आणि मान शून्य.

इथे एक तुलना करून बघा. १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांचं खूप कौतुक झालं, ते योग्यच होतं. पण डॉक्टर औषध लिहून गेल्यावर रात्रभर रुग्णाजवळ जी थांबते, तिचं काय? तिकडे इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धात सैनिकांची शुश्रूषा केली आणि १८६० साली लंडनमध्ये परिचारिकांसाठी शाळा काढली. सेवा हे शिकून करायचं काम आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे हीच गोष्ट मराठी घरांतल्या बायकांना पटवून देण्याचं अवघड काम रमाबाईंनी केलं.

रमाबाईंनी नेमकं काय केलं?

मित्रांनो, हा मुद्दा नीट समजून घ्या. रमाबाईंनी सेवा फार थोर असते अशी नुसती भाषणं दिली नाहीत. त्यांनी चार गोष्टी उभ्या केल्या.

१) शिक्षण : सेवा मायेने होते, पण नुसत्या मायेने होत नाही. जखम कशी स्वच्छ करायची, बाळंतिणीला कसं जपायचं हे शिकावं लागतं. म्हणून रुग्णालयात रीतसर शिक्षण.

२) राहायला सुरक्षित जागा : शिकणाऱ्या बायका राहणार कुठे? सेवासदनने वसतिगृहं काढली. त्यातलं एक खास शिकाऊ परिचारिकांसाठी आणि एक वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी होतं.

३) स्वतःची कमाई : घरातल्या विधवेची सेवा फुकट होती. परिचारिकेला तिच्या कामाचे पैसे मिळू लागले. ती कुणाच्या दयेवर राहिली नाही.

४) पाठीशी उभं राहणारं माणूस : लोक नावं ठेवतील तेव्हा त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायला रमाबाई होत्या.

या चौथ्या मुद्द्याचा एक प्रसंग सांगतात. सेवासदनच्या बक्षीस समारंभात एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला मंचावर आली. केस काढलेले, जुन्या पद्धतीचं लुगडं. तिला पाहून सज्ज्यातल्या काही कॉलेजच्या मुलांनी हुल्लड केली, खिदळले. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई संतापल्या. बोलायला उभ्या राहिल्यावर त्यांनी त्या मुलांची चांगलीच कानउघाडणी केली. दुष्ट रूढीमुळे ज्या बहिणीचे असे हाल झाले, तिच्याबद्दल ज्यांना कणव नाही, त्यांना शिकलेलं कसं म्हणायचं, असा त्यांचा सवाल होता. तुमच्या घरातही अशीच आई किंवा बहीण असेल, याची त्यांनी आठवण करून दिली. सभागृह एकदम गप्प झालं.

सासरी टोमणे ऐकून घेणाऱ्या रमाबाई स्वतःसाठी कधी भांडल्या नव्हत्या. त्या भांडल्या त्या अशा दुसऱ्या बाईसाठी. एखाद्याच्या पाठीशी उभं राहणं म्हणतात ते हेच.

हळूहळू चित्र बदललं. विधवा, निराधार बायका शिकून रुग्णालयांत, शाळांत काम करू लागल्या. १९१५ साली पुणे सेवासदनची स्वतंत्र संस्था म्हणून नोंदणी झाली. पुढे आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत रमाबाई सेवासदनच्या स्वयंसेविकांना घेऊन आळंदीला जात आणि वारकरी बायकांना मदत करत. मुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचं व्हावं आणि स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा, यासाठीही त्यांनी चळवळ केली.

१९२४ साली रमाबाईंचं निधन झालं. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. पुण्याचं सेवासदन आजही सुरू आहे.

सावित्रीबाई आणि रमाबाई

तुम्ही म्हणाल, मॅडम, सेवा तर सावित्रीबाईंनीही केली. हो, अगदी बरोबर. १८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची सेवा केली आणि त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचा त्याग फार मोठा. पण त्यातून एक प्रश्न उरतो. सेवा करणाऱ्याने दरवेळी स्वतःचा जीवच द्यायचा का? त्याला शिक्षण, साधनं, विश्रांती, मदतीला माणसं द्यायला नकोत का? रमाबाईंच्या कामात या प्रश्नाचं उत्तर सापडतं. म्हणून दोघींचे पाठ एकापाठोपाठ वाचायला हवेत.

आपल्या जिल्ह्यातून पाहिलं तर

हे सगळं पुण्या-मुंबईचं झालं, आमच्याकडे काय, असं वाटतंय का? आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. तिथे बाबा आमटे आणि साधनाताईंनी कुष्ठरुग्णांची सेवा केली. ज्यांना घरच्यांनी टाकलं, ती माणसं तिथे काम करू लागली, एकमेकांना सांभाळू लागली.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. थोड्याच शिकलेल्या बाया, पण नीट प्रशिक्षण आणि हाताशी साधनं मिळाल्यावर त्यांनी कितीतरी बाळं वाचवली. ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि तिथले बालमृत्यू खूप कमी झाले. पुढे देशभरातल्या आशाताईंना हेच काम शिकवण्यात आलं. बघा, रमाबाईंचंच सूत्र पुन्हा दिसतं. बाईवर विश्वास ठेवा, तिला शिकवा, साधनं द्या.

आता आपल्या घुग्घुसकडे या. इथे खाणी आहेत, सिमेंटचा कारखाना आहे. हवेत धूळ आहे, त्यामुळे खोकला-दम्याचे रुग्ण घराघरांत. पाळीवरून थकून आलेल्या माणसाला गरम जेवण देणारी कोणीतरी घरात असते. आशाताई उन्हातान्हात घरोघरी फिरतात. २००५ पासून हे काम सुरू आहे, पण त्यांना आजही नियमित पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला आणि मानधन मिळतं. कोरोनाच्या काळात आपण थाळ्या वाजवल्या, टाळ्या वाजवल्या. चांगलंच केलं. पण टाळ्यांनी घर चालत नाही, हो ना? रमाबाईंनी टाळ्यांवर काम भागवलं नव्हतं.

त्या मुलीचं पुढे काय झालं?

सुरुवातीला सांगितलेली ती मुलगी तुमच्या लक्षात असेल. मी तिच्या घरी गेले. आधी तिची माफी मागितली. आजीशी बोलले. तिच्या आईला वाटत होतं, मी तक्रार घेऊन आले. मग आम्ही बसून ठरवलं. सकाळी शेजारच्या काकू आजीकडे लक्ष देतील. आमच्या भागातल्या आशाताई आठवड्यातून एकदा डोकावतील. आणि ज्या दिवशी तिला खरंच येता येणार नाही, त्या दिवशीचा अभ्यास तिची मैत्रीण घरी नेऊन देईल. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. अजूनही तिचे खाडे होतात. पण कमी झाले. आणि आता ती आली की मी आधी आजी कशी आहे ते विचारते, मग गृहपाठ.

दहा वर्षांच्या मुलीने आजीची सेवा करणं कौतुकाचं आहे, पण ते एकटीने करावं लागणं कौतुकाचं नाही. तिच्या कौतुकात आपली जबाबदारी विसरायची नाही. रमाबाईंच्या चरित्रातून मी शिक्षिका म्हणून हे शिकले. तुम्ही काय शिकलात, ते वहीत जरूर लिहा.

स्वाध्याय

१) रमाबाई रानडे यांचा जन्म कोठे व कधी झाला?
२) परिचारिकेचं काम त्या काळी हलकं का समजलं जाई? दोन कारणं लिहा.
३) रमाबाईंनी परिचारिकांसाठी उभ्या केलेल्या चार गोष्टी कोणत्या?
४) सेवा करणाऱ्याला फक्त धन्यवाद पुरेसे आहेत का? तुमचं मत आठ-दहा ओळींत लिहा.

उपक्रम

तुमच्या घरात इतरांची काळजी घेणारी व्यक्ती दिवसभरात काय काय करते, याची एका दिवसाची नोंद करा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. मग त्यातलं एक काम आठवडाभर तुम्ही करा. मुलांनीसुद्धा करायचं बरं का, हे काम फक्त मुलींचं नाही. आठवड्याच्या शेवटी त्या व्यक्तीला विचारा, की तिला आणखी कशाची मदत हवी आहे. उत्तर ऐकून घ्या, मधे बोलू नका.

पालकांनो, तुमच्या घरातल्या एखाद्या लेकरावर असा भार असेल, तर शाळेत येऊन वर्गशिक्षकांना नक्की सांगा. सांगण्यात कमीपणा नाही. हजेरीपटात त्याचा रकाना नसला, तरी आम्ही वेगळी वही ठेवली आहे.